गाळाचं विरजण

दिगू, तुझा श्रीखंडाचा डबा माझ्याकडे आहे. तो आता परत कुणाला करायचा, हा प्रश्नच आहे. तू जाऊन आज एकवीस दिवस झाले आणि समोरच्या दाराला तुझ्या भाचीनं नवं कुलूप लावलंय. मी अजून सवयीनं सकाळी दार उघडतो, "उठलास का रे कुंभकर्णा" म्हणायला तोंड उघडतो आणि ते कुलूप बघून मिटतो. ही विचारते, दारात काय करतोयस? मी म्हणतो, पेपर घेतोय. पेपर केव्हाच आत आलेला असतो आणि तो तिच्याच हातात असतो.

शोकसभा झाली तुझी. ठाण्याला, तुझ्या कॉलेजात. तू असतास तर मागच्या रांगेत बसून चुळबुळ केली असतीस. कुणी तुला 'निसर्गप्रेमी' म्हणालं, कुणी 'वृक्षवल्लींचा सखा'. मला इतका राग आला म्हणून सांगू! अरे, झाडं तुला ओळखू यायची नाहीत. गुलमोहर आणि शिरीष यांत तू आयुष्यभर घोळ घातलास. पक्षी बघणाऱ्या मंडळींना तू 'मानेचे पेशंट' म्हणायचास. तुझं प्रेम होतं ते गोड्या पाण्याच्या तळाशी गाळात राहणाऱ्या किड्यांवर, आणि तेही असल्या किड्यांवर की ज्यांचा फोटो कुणी कॅलेंडरवर छापणार नाही. पोरं तुला 'गांडूळसर' म्हणायची, हे त्या सभेत कुणी सांगितलंच नाही. मला बोलायला उठवलं. मी दोन वाक्यं बोललो आणि बसलो. सगळ्यांना वाटलं, बिचाऱ्याला हुंदका आवरला नाही. हुंदका नव्हता रे, भीती होती. तोंड उघडलं की डब्याची गोष्ट बाहेर पडेल, याची भीती.

तू मला मुकुंदाचा मुक्या केलंस आणि मग तीस वर्षं त्याच नावावरून छळलंस. "मुक्या, जरा नावासारखा वाग की." मी इतका बडबडतो म्हणून. पण मला वाटतं, तुला माहीत होतं. बडबड करून नेमकं ते एक सोडून बाकी सगळं बोलणारा माणूस तू बरोबर ओळखला होतास.

आपली ओळख झाली ती चाळणीवरून, आठवतं? आम्ही डोंबिवलीत नुकते राहायला आलो होतो, ब्रह्मचारी प्राध्यापक शेजारी आहे एवढंच ऐकलं होतं. तू बेल वाजवलीस. "वहिनी, मैद्याची चाळणी मिळेल का? संध्याकाळी देतो." सुमनला वाटलं, काय गुणी माणूस, एकटा राहून करंज्या करतोय. संध्याकाळी चाळणी आली, स्वच्छ धुतलेली, पण जाळीच्या कडेला काळं काहीतरी अडकलेलं. सुमननं नखानं काढलं आणि ते हललं. त्या दिवशी तिनं जे काही म्हटलं ते भिंतीपलीकडे तुला शब्दन्‌शब्द ऐकू गेलं, हे तूच नंतर मला सांगितलंस.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन तू कल्याणच्या बाजारात गेलास. भांड्यांच्या दुकानदारानं विचारलं, "रव्याची देऊ की मैद्याची?" तू गंभीरपणे म्हणालास, "गाळाची." तो बिचारा आत जाऊन शोधून आला. मी तिथेच हसत हसत खाली बसलो. तू दोन चाळण्या घेतल्यास, एक सुमनला आणि एक तुला, आणि तिला देताना म्हणालास, "वहिनी, ही कुमारिका आहे." तेव्हापासून तिनं तुला माफ केलं. दर पाडव्याला श्रीखंडाचा किलोचा डबा तुझ्या नावाचा वेगळा यायला लागला, तोही तेव्हापासूनच.

रविवार म्हटला की तुझी पिशवी तयार. चाळणी, पांढरी खोलगट बशी, एक भिंग आणि मी. ठाण्याची तळी झाली, कल्याणच्या जुन्या विहिरी झाल्या, कुठल्याशा देवळामागचं डबकं झालं. तू गुडघाभर पाण्यात, चाळणीत गाळ घेऊन हलवत, धुऊन धुऊन शेवटी जे उरेल ते बशीत. मी काठावर छत्री धरून, शिव्या देत. "मासे गावतात का साहेब?" असं विचारणारा एक तरी हमखास भेटायचा. तू त्याला बशी दाखवायचास. तो आदरानं बघायचा आणि दोन पावलं मागे सरकायचा. तुझी तक्रार एकच असायची: जंगल तोडलं की लोक ओरडतात, तळ्याचा तळ खरवडला की पेढे वाटतात. "पाण्याखालचं कुणाला दिसत नाही ना मुक्या, म्हणून ते नाहीच." मी म्हणायचो, पुरे कर, भूक लागलीय.  किती कंटाळलो होतो मी तेव्हा, आणि किती सुखात होतो.

कोपर स्टेशनच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला असलेल्या त्या जुन्या गावातलं तळं तुला असंच सापडलं. तिथे चांगुणाबाई भांडी घासत बसली होती. तू चाळणी हलवलीस, बशीत ओतलंस, आणि तुझा चेहरा! मी तुला तसा कधी बघितला नव्हता. बशीत लाल दोऱ्याचे तुकडे असावेत तसे पाच-सहा किडे, आणि प्रत्येकाच्या एका टोकाला बारीक झालर. चांगुणाबाईनं मान वळवून बघितलं आणि म्हणाली, "झालरी हाय ती. आमच्या तल्यात पयल्यापासून हाय." तुझ्या पुस्तकांत तिला नेमकं नाव नव्हतं. तू कुठे कुठे पत्रं लिहिलीस, नमुने पाठवलेस, नाव काही ठरलं नाही. त्यामुळे आपल्यासाठी ती झालरीच राहिली. नंतर तू तीच चाळणी घेऊन आसपासची तळी पालथी घातलीस. झालरी दुसरीकडे तुला कधीच मिळाली नाही.

"मुक्या, ये, खाली वाकून बघ!" तू गाळात बसून ओरडत होतास. मी आलो, लांबूनच वाकलो. तळाशी लाल झालरी डोलत होत्या. मी म्हटलं, छान. तेवढ्यात साइटवरून फोन आला. तू बोटानं दाखवत काहीतरी लांबलचक समजावून सांगत होतास आणि मी फोनवर "हो, हो, सिमेंट उतरवून घ्या" म्हणत होतो. तू काय सांगत होतास ते मला परवा कळलं.

आता त्या भांडणाकडे येतो. आपण ते कधीच पुरं केलं नाही.

काही वर्षांनी त्याच तळ्याच्या सुशोभीकरणाचं काम मी ज्या खाजगी ऑफिसात होतो तिथे आलं. ड्रॉइंग माझं. तळ कोरडा करून पोकलेननं सगळा गाळ काढायचा, खाली काँक्रीट, कडेनं दगडी पायऱ्या, मधोमध कारंजं, भोवती चालायची वाट. मला खरंच वाटत होतं की मी गावाचं भलं करतोय. वास यायचा रे त्या तळ्याला, डास व्हायचे. तू ड्रॉइंग बघितलंस आणि म्हणालास, "गाळ म्हणजे घाण नव्हे." मी म्हटलं, "मग तुझ्या हॉलमध्ये पसर." तू म्हणालास, एक कोपरा तरी सोड. मी म्हटलं, काँक्रीटला कोपरा सोडत नसतात, पाणी झिरपतं.

मग गावात सभा झाली. मी माइक घेऊन नकाशा समजावत होतो. चांगुणाबाई उठली. तिनं सांगितलं की गाव पूर्वी वैशाखात तळं उपसायचं तेव्हा सगळा गाळ कधीच काढत नसे, एका कोपऱ्यात घमेलाभर ठेवत असे. दही लावायला आपण ठेवतो ना, तसं विरजण. त्याशिवाय नवं पाणी 'लागत' नाही. आणि मग हात जोडून म्हणाली, "सायेब, सगला गाल उपसू नका. थोरा गाल ठेवा."

त्यांच्या बोलीत ळ चा ल होतो. हे मला काय माहीत नव्हतं? इतकी वर्षं डोंबिवलीत काढली होती. पण हातात माइक होता, समोर शंभर माणसं होती, आणि मला विनोद सुचला. मी म्हटलं, "आजी, गाल कुणाचा? तुमचा की माझा?"

सभा खदाखदा हसली. चांगुणाबाई खाली बसली. पदर तोंडाशी धरून बसली ती सभा संपेपर्यंत. आणि तू मागच्या भिंतीला टेकून उभा होतास, तू हसला नाहीस. तुझ्याकडे बघितलं तेव्हाच मला कळलं की मी काय केलं, पण तोवर पुढचा मुद्दा सुरू झाला होता.

पोकलेन आला त्या सकाळी मी हेल्मेट घालून काठावर उभा होतो. तू बादली घेऊन माझ्यासमोरून गेलास, ओळख न दाखवता. गाळ भरलास, उचललास, निघून गेलास. बादली जड होती, तू तिरका चालत होतास. मी दोन पावलं पुढे आलोही होतो. पण आजूबाजूला माणसं होती, मग राहिलं.

पुढचे कितीतरी महिने समोरासमोरची दारं बंद. जिन्यात भेटलास तर तू सरळ बघायचास. सुमननं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, त्याचा काहीतरी गैरसमज झालाय. गैरसमज! मग एक दिवस तू बेल वाजवलीस आणि म्हणालास, "चहापत्ती संपलीय." बस्स. आत आलास, नेहमीच्या खुर्चीत बसलास, आणि आपण मॅचबद्दल बोललो. तुझ्या गॅलरीत एक टब होता, त्यात तो गाळ होता, हे मला दिसत होतं. गाळाविषयी तू बोलला नाहीस आणि मीही नाही. मैत्री सुरू राहिली ती तेवढं बाजूला ठेवून. मला वाटायचं, विषय संपला. आता वाटतं, तू वाट बघत होतास, की हा कधीतरी म्हणेल, दिगू, चुकलं माझं. इतकं सोपं वाक्य. ते माझ्या तोंडून कधी निघालंच नाही.

मग तुझा श्वास बिघडला. कल्याणच्या हॉस्पिटलात दाखल व्हायचं ठरलं, त्या सकाळी तू आमच्या दारात उभा होतास, श्रीखंडाचा डबा दोन्ही हातांत धरून. टब मला उचलवणार नाही, म्हणून तूच गाळ आणि उरलेल्या झालरी डब्यात भरल्या होत्यास. "सावलीत ठेव. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग घाल. आणि झाकण लावू नकोस, गुदमरतील." माझ्यावर विश्वास नव्हताच तुझा. झाकणावर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलंही होतंस: 'मुक्या, झाकण लावू नको.'

मी डबा गॅलरीत ठेवला. हिनं विचारलं, काय आहे? आता घरात जिवंत किडे ठेवलेत म्हटलं असतं तर पुन्हा चाळणीचं प्रकरण झालं असतं. मी म्हटलं, काही नाही गं, झाडाची माती आहे दिगूची. मला घरात शांतता हवी होती. एवढ्याशा शांततेसाठी मी आयुष्यात किती ठिकाणी खोटं बोललो असेन, देव जाणे. पाणी मी दोन-तीन दिवसांआड घालायचो, पण उभ्यानं, चष्मा न लावता. वाकून एकदाही बघितलं नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी हिनं तुझ्यासाठी मऊ खिचडी केली. मी पिशवी उचलली आणि निघालो. हॉस्पिटलात तुझ्यापुढचं टेबल ओढलं, पिशवीतून डबा काढला. तोच डबा. घट्ट लावलेलं झाकण, त्यावर घासूनही न गेलेली अक्षरं: 'मुक्या, झाकण लावू नको.' आत खिचडी, वर तुपाची धार.

मी झाकण काढून अक्षरांची बाजू आत करून पिशवीत कोंबलं. तू ऑक्सिजनचा मास्क खाली घेऊन बघत होतास. तुला दिसलं की नाही, मला कळेना. तू विचारलंस, "झालरी कशा आहेत?"

मी म्हटलं, "एकदम मजेत! डोकी वर काढून डोलतायत नुसती. माझी वाट बघतात सकाळी."

तू हसायला लागलास. हसता हसता ठसका लागला, सिस्टर धावत आली, मलाच ओरडली. तुझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसू थांबेना. मला वाटलं, आनंद झाला बिचाऱ्याला. मग तू खिचडी खाल्लीस, तीन-चार घास, डबा हातात धरून जरा वेळ गोल गोल फिरवलास, आणि म्हणालास, "वहिनीला सांग, मीठ अगदी बरोबर आहे." आणि माझ्या मनगटावर हात ठेवलास. तू कधी असा हात ठेवणारा माणूस नव्हतास.

घरी आलो तेव्हा सुमन म्हणाली, "अरे, त्यांचाच डबा होता ना, मग रिकामा कसा परत द्यायचा? माती मी तुळशीत टाकली. आणि झाकणावर काय लिहिलंय ते? झाकण न लावता खिचडी नेणार होतास का?" तिचं काय चुकलं? तिनं आपल्या घरातली रीत पाळली. तुळशीची कुंडी उन्हात होती. माती दोन दिवसांपूर्वीच ओतलेली, वाळून ढेकळं झालेली. मी ती ढेकळं बोटांनी फोडत बसलो. ही म्हणाली, काय शोधतोयस? मी म्हटलं, काही नाही.

त्यानंतर तू आठ दिवस होतास. मी रोज आलो. रोज तू विचारलंस, आणि रोज मी सांगितलं, मजेत आहेत. एकदा तर म्हटलं, पिल्लंही झाली असावीत. तू डोळे मिटून ऐकायचास, जणू रेडिओवरचं नाटक ऐकतोयस. आणि मग एका दुपारी तू गेलासच. मी तुझ्या तोंडात पाणी घातलं, आणि त्या क्षणीही माझ्या मनात काय होतं सांगू? सुटलो, असं होतं. आता हा विचारणार नाही. एवढा नीच विचार मी आयुष्यात दुसरा केला नाही, दिगू.

सुटका कसली! तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि तो धुतलेला डबा स्वयंपाकघरात पालथा पडलेला मला दिसत राहिला. परवा उठलो, डबा पिशवीत टाकला, हिची चाळणी घेतली आणि कोपरला गेलो. वाटलं, एखादी तरी उरली असेल त्या तळ्यात. कुठे दगडांच्या सांध्यात, कुठे पायरीखाली. माझं ड्रॉइंग होतं, मला माहीत होतं की सांधा सोडलेला नाही. तरी गेलो. पँट वर करून पायरीवर बसलो आणि चाळणीनं तळ खरवडायला लागलो. काँक्रीटवर चाळणीचा असा कर्कश आवाज होतो! चालायला आलेली माणसं थांबून बघत होती. कारंजं बंद होतं, पाणी हिरवं होतं, चाळणीत शेवाळ आणि चिप्सचं पाकीट आलं. वॉचमननं शिट्टी मारली. "ओ काका, तलावात उतरायला मनाई आहे." ती पाटी लावायचंही मीच सुचवलं होतं.

आणि मग मागून आवाज आला, "सायेब, तू मुक्या ना?"

चांगुणाबाई. काठी टेकत आली होती. पार वाकलीय आता. मी उभा राहिलो, पाय शेवाळानं भरलेले, हातात पिठाची चाळणी. मी म्हटलं, "आजी, मी त्या सभेत तुमची चेष्टा केली होती. चुकलं माझं." बघ, निघालं की तोंडातून! इतक्या वर्षांत तुझ्यापुढे निघालं नाही ते. ती म्हणाली, "चल, घरा चल."

घरामागे जांभळीखाली गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण आहे. गुरं नाहीत आता, डोण तेवढी राहिलीय. तिच्यात वीतभर गाळ आणि वर नितळ पाणी. पोकलेन यायच्या आदल्या दिवशी तिनं घमेलाभर गाळ तळ्यातून उचलून तिथे ठेवला होता. मी तिच्यावर माइकवरून हसलो, त्यानंतर चारच दिवसांनी. "तल्याचा विरजन," ती म्हणाली. "मास्तरला ठाव होता. दर महिन्याला येई बगाला. म्हने, सायबाला सांगू नको, नायतर तो हितं पन फरशी घालील."

म्हणजे इतकी वर्षं तुला माहीत होतं! आणि मला वाटत होतं की मी शेवटच्या झालरी मारल्या. मी तिथे त्या डोणीच्या काठाला धरून रडलो रे, अगदी लहान पोरासारखा. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, "बग तरी."

मी चष्मा लावला. गुडघ्यावर बसलो. पहिल्यांदाच नीट वाकलो. गाळातून वर आलेल्या लाल झालरी, वीस-पंचवीस तरी, सगळ्या एका लयीत डोलत होत्या. मी म्हटलं, "काय सुंदर डोकी हलवतात!"

"डोकी?" ती हसली. दात नाहीत तिला, पण काय हसली! "डोकी नाय रं बाला, शेपट्या हात त्या. डोकी खाली गालात. खातात खाली, न शेपटीनं दम घेतात. मास्तरनी तुला सांगला नाय?"

सांगितलं होतं. त्या पहिल्या दिवशी, मी फोनवर सिमेंट उतरवून घेत होतो तेव्हा. आणि नंतरही कितीदा. मी ऐकलं नाही, ती गोष्ट वेगळी.

मग तू हॉस्पिटलात इतका का हसलास ते मला कळलं. मी म्हणालो होतो, डोकी वर काढून डोलतायत. तुला त्याच क्षणी कळलं, की मी एकदाही वाकून बघितलेलं नाही. झाकण बघितलंस की नाही कुणास ठाऊक, त्याची गरजच नव्हती. पुढचे आठ दिवस तू रोज मुद्दाम विचारत होतास, की मी स्वतःच बोलेन म्हणून? की नुसती माझी बडबड ऐकायला? मी चांगुणाबाईला विचारलं, त्याला माहीत होतं का हो? ती म्हणाली, "इस्पितलातून फोन आयला त्याचा. म्हनला, आमचा मुक्या येल एक दिवस, रिकामा डबा घेऊन. त्याला ओंजलभर दे. न त्याला काय बोलू नको."

बोलू नको. तूही मला बोलला नाहीस. एवढं सगळं माहीत असून मनगटावर हात ठेवलास आणि म्हणालास, मीठ बरोबर आहे. अरे गाढवा, मला एक शिवी तरी द्यायचीस. तीस वर्षांत हजारदा दिल्यास, त्याच दिवशी का आवरलीस?

तिनं स्वतःच्या हातांनी ओंजळभर गाळ डब्यात घातला, वर डोणीचं पाणी घातलं. मी डबा दोन्ही हातांत धरून रिक्षात बसलो. रिक्षावाला म्हणाला, काका, दही आहे का? मी म्हटलं, विरजण.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. अगदी पहिल्यापासून, गालाच्या विनोदापासून खिचडीपर्यंत. ती ऐकता ऐकता खाली बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी त्यांना मारलं आणि तू मला सांगितलंसही नाहीस?" आणि रडली. मग भांडली माझ्याशी, कडाडून. मग उठून तिनं नळाचं पाणी एका पातेल्यात काढून झाकण न लावता ओट्यावर ठेवलं. आता सकाळी तीच पहिली जाते गॅलरीत. काल मला हाक मारून म्हणाली, "या बाईची झालर जरा कमी आहे का रे?"

गावातल्या त्या तळ्याचं काय करायचं, ते चांगुणाबाईशी बोलून ठरवायचंय. एका कोपऱ्यातलं काँक्रीट फोडून गाळाला जागा करता येईल का, याचं ड्रॉइंग काढायला बसलोय. कोण मंजूर करेल, माहीत नाही. पाणी झिरपेल, हेही खरं. तू असतास तर म्हणाला असतास, झिरपू दे. या वेळी मी वाद घातला नसता. खोटं कशाला बोलू, थोडा घातला असता.

तुझा डबा गॅलरीत आहे, सावलीत. झाकण लावलेलं नाही. आज सकाळी चष्मा लावून, खाली बसून मोजल्या. अकरा आहेत. डोकी खाली, शेपट्या वर. दिगू, या वेळी बघून सांगतोय.